टिंब कुठं द्यायचं

माझ्या वर्गात त्रैराशिक चाललं होतं. दाराशी दामोदर मास्तरांचा पुतण्या येऊन उभा राहिला. "काका गयात," एवढंच म्हणाला. मुलांना काय कळायचं ते कळलं. कोणीतरी पाटी खाली ठेवली, तिचा आवाज झाला. महिना होत आला, पण इंग्रजीच्या तासाची घंटा झाली की माझे कान अजून त्यांच्या वहाणांकडे लागतात. आम्ही दोघं नंदुरबारच्या एकाच शाळेत, भिंतीला भिंत लागलेल्या वर्गांत म्हातारे झालो.

मुलं त्यांना टिंबमास्तर म्हणत. वाक्य संपलं आणि टिंब दिलं नाही, की हातावर छडी. स्वल्पविराम विसरला तर छडी नाही, पण बोलणं असं की छडी परवडली. गावातल्या हुसेनभाईंनी मुंबईच्या पेढीला इंग्रजीत चिठ्ठी धाडली होती. त्यांना खिडक्यांसाठी काचा हव्या होत्या आणि दुकानासाठी कंदील. 'ग्लास' आणि 'लँटर्न्स' यांच्या मधला स्वल्पविराम राहिला, आणि स्टेशनावर पेटीभर काचेचे कंदील येऊन पडले. पाऊस खिडकीतून आत येत राहिला आणि हुसेनभाई कंदिलांकडे बघत बसले. त्यानंतर मास्तरांच्या नजरेखालून गेल्याशिवाय त्यांचा एकही इंग्रजी कागद टपालात पडला नाही. मास्तर तेव्हा मनमोकळे हसायचे. त्यांचं ते हसणं ज्यांनी ऐकलं, त्यांतले आता थोडेच उरलो आहोत.

कारण पुढं मास्तरांची बायको, आमच्या गंगूवहिनी, आजारी पडल्या. मूलबाळ नव्हतं, नवराबायको एकमेकांना धरून होती. वहिनींचा धाकटा भाऊ आत्माराम शहाद्याकडचा शेतकरी, इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलेला. तो बहिणीला सुरतेच्या दवाखान्यात घेऊन गेला. शाळेत परीक्षा चालू होत्या. तार आली की निघायचं असं ठरवून मास्तर मागं राहिले. वळकटी बांधून दाराशीच ठेवली होती. तार आली ती माझ्यासमोर. 'डॉक्टर सेज बेटर नॉट वेट' एवढेच शब्द. तारेत टिंब जात नाही, त्याच्या जागी 'स्टॉप' असा शब्द घालावा लागतो, आणि घाबरलेल्या माणसाला तो कुठून सुचणार? मास्तरांनी सवयीनं तांबडी पेन्सिल काढली, 'बेटर'च्या पुढं टिंब दिलं आणि मोठ्यानं वाचलं, "डॉक्टर म्हणतात, बरी आहे. वाट पाहत बसू नका." मग त्यांनी वळकटी सोडली आणि वर्गावर गेले. आत्मारामला म्हणायचं होतं, डॉक्टर म्हणतात, थांबू नये हे बरं... लगेच निघा. दुसरी तार आली तेव्हा तापीकाठी सुरतेत सगळं उरकलं होतं. मास्तरांना बायकोचं तोंडही दिसलं नाही.

आत्माराम अस्थी घेऊन आला. ओसरीवर माणसं बसलेली. मास्तर सगळ्यांदेखत त्याला म्हणाले, "एक स्टॉप घातला असतास, तर मी पोचलो असतो." आत्माराम खाली मान घालून गेला तो त्या घरात पुन्हा आला नाही. चांगला सही करणारा माणूस, पण त्यानंतर कचेरीत अंगठा उठवायला लागला. तलाठ्यानं थट्टा केली तरी हातात टाक धरला नाही. मास्तरही आटले. छडी वाढली, हसणं गेलं. मला त्यांचा राग येई, आणि दयाही येई. बोलण्याची सोय मात्र नव्हती.

यंदाच्या पावसाळ्यात मास्तरांना ताप आला आणि हटेना. दुपारी मी उशाशी बसलो होतो. भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, "भाऊ, त्या तारेत टिंब नव्हतंच. ते मी दिलं. 'बेटर'च्या आधीही देता येत होतं, तेव्हाच दिसलं होतं मला. पण मला ती बरी व्हायला हवी होती... म्हणून मला हवं तिथं दिलं. आत्मारामला बोलवा. त्याला हे मीच सांगणार." मी तडक माणूस धाडला. पण तापी दुथडी भरून वाहत होती, प्रकाशा गावची नाव बंद होती. आत्माराम पलीकडच्या काठावर बसून राहिला आणि अलीकडे मास्तर गेले.

पूर ओसरला आणि दशक्रियेला प्रकाशाच्या घाटावर तो भेटला. केस पांढरे झालेले. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. त्यानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "तुम्ही मन्हं मन राखाले सांगी ऱ्हायनात, मास्तर. दाजी सोता बोलतात तर मी मानतू."

पिंड ठेवला. कावळे झाडावर बसलेले, एकही खाली येईना. पुतण्यानं हात जोडले, घर सांभाळीन म्हणाला. भटजी म्हणाले, काही राहिलं असेल तर बोला. मी पुढं झालो. "मास्तर, तुमचा निरोप मी आत्मारामला दिलाय." कावळा जागचा हलला नाही. ऊन चढलं, लोक कुजबुजू लागले. तेव्हा आत्माराम पिंडासमोर ओल्या वाळूत गुडघे टेकून बसला.

"दाजी, चूक मन्हीच व्हती. टिंब मी दिन्हं नही. माले माफ करा."

कावळा शिवला.

लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, भटजींनी पळी उचलली. आत्माराम रडत माझ्याकडे वळला. त्याच्या तोंडावर इतक्या वर्षांनी समाधान होतं. "देखा मास्तर," तो म्हणाला, "दाजीसले पटनं."