स्वस्तातली स्क्रॅपबुक

त्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीची बारावी झाली आणि तिनं घरात जाहीर केलं, की पुढं शिकायला ती पुण्यालाच जाणार. बाबा गप्प राहिले. मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, गप्प राहणाऱ्यांतले नव्हते. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून आमच्या सगळ्या घराण्याचे निर्णय त्यांच्या ओट्यावर व्हायचे. ते म्हणाले, "एक पोरगी पुण्याले पाठवली. थे तिथं काय करते, कोणाले मालूम आहे काय? मंग दुसरी कायले पाठवाची?"

यात त्यांचं फारसं चुकत नव्हतं. मी काय करते, हे मलाही नीट सांगता येत नव्हतं. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून काढायचे. आईनं यावरून मी कसली तरी मास्तरीण असावी असा अर्थ लावला होता. मोठेबाबांना तो पटत नव्हता, कारण मास्तरणीला रात्री कंपनीची जीप घरी सोडायला येत नाही. मी घराण्यातली पहिली पदवीधर. माझ्यासाठी बाबांनी काय काय सोसलं ते मला ठाऊक होतं, आणि आता बहिणीचं शिक्षण माझ्याच वागणुकीवर अडून बसलं होतं. आमच्या घरी फोन नव्हता. बहिणीनं समोरच्या किराणा दुकानातून फोन केला.

"ताई, काही तरी कर ना वं. नाही तं मले इथंच डी.एड.ले टाकतील."

तिला मी म्हटलं, काळजी करू नकोस. पुढं जे झालं ते पाहता हे मी म्हणायला नको होतं.

आमच्या ऑफिसातली एक सीनियर बाई नुकतीच अमेरिकेहून परत आली होती. तिनं तिथल्या मुक्कामाची एक जाडजूड स्क्रॅपबुक केली होती. फोटो, वाळलेली पानं, बसची तिकिटं, रंगीत फिती, असं सगळं सुंदर कागदांवर चिकटवलेलं. पानं उलटता उलटता ती तिथं कशी राहिली, काय खाल्लं, कुणात बसली-उठली, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. मला वाटलं, बस, हेच. असं एक पुस्तक घरी पाठवलं की मोठेबाबांना एक शब्द बोलायला जागा उरणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत इंटरनेटवर माहिती शोधली. तिथं पहिलीच सूचना होती, की कागद ॲसिड-फ्री हवा, म्हणजे फोटो पिवळे पडत नाहीत. शनिवारी स्वारगेटला उतरून चालत रविवार पेठेत गेले. कागदाच्या दुकानात काका गल्ल्यावर बसले होते.

"काका, ॲसिड-फ्री कागद आहे का?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आम्ही कागद विकतो, बॅटऱ्या नाही."

"मग तो हातकागद दाखवता का?"

त्यांनी दाखवला, भावही सांगितला. मी तो होता तिथंच, कडा जुळवून, परत ठेवला.

"असू द्या, असू द्या," काका म्हणाले, "बघायचे पैसे आम्ही अजून सुरू केलेले नाहीत."

तरीही मी त्यांचे आभार मानून बाहेर पडले. पुण्यात कुणी माझ्याशी बोललं की आभार मानायची मला तेव्हा सवयच होती.

धायरीत आम्ही दोघी मुली एका खोलीत भाड्यानं राहायचो. घरमालकीण काकू तिथल्याच, मूळच्या गावच्या. आजूबाजूच्या शेतांवर इमारती उठत होत्या, आणि जमिनींना भाव येत गेला तशा गावातल्या लग्नपत्रिकाही जाड होत गेल्या होत्या. सोनेरी कडा, मखमली पाठ, उठावाचे मोर, कलश. काकूंना साऱ्या पंचक्रोशीतून निमंत्रणं यायची आणि त्या एकही पत्रिका टाकायच्या नाहीत. रविवार पेठेतून रिकाम्या हातानं परत आले आणि माझी नजर त्यांच्या माळ्यावर गेली. एवढा सुंदर कागद, तोही फुकट!

"काकू, या जुन्या पत्रिका मला देता?"

"घे की. माळा भरलाय निस्ता. पर करणार काय हाईस?"

"फोटो चिकटवणार."

"कुनाच्या लग्नाचं?"

"लग्नाचे नाही हो, ऑफिसचे."

"बरं," काकू म्हणाल्या आणि थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिल्या.

डिंकाच्या बाटल्या परवडणाऱ्या नव्हत्या म्हणून शाळेत करायचो तशी मैद्याची खळ शिजवली. सगळ्यात जास्त वेळ गेला तो नावं कापण्यात. परक्या माणसांच्या लग्नातली नावं आपल्या पुस्तकात ठेवणं मला असभ्य वाटलं. म्हणून प्रत्येक पत्रिकेतली नवरा-नवरीची, आई-वडिलांची नावं, तारीख-ठिकाणासकट, ब्लेडनं चौकोनात कापून काढली. उरलेल्या मजकुरावर फोटो आले: माझं टेबल, आमची कँटीन, कात्रजच्या सर्पोद्यानात काढलेला मैत्रिणींचा फोटो आणि शेजारी तिथलं तिकीट. पहिल्या पानावर सगळ्यात देखणा फोटो लावला. ऑफिसात पारंपरिक वेशाचा दिवस होता तेव्हाचा. मी आईनं दिलेल्या पैठणीच्या काठाच्या साडीत, शेजारी आमच्या टीममधला एक मुलगा फेटा बांधून. बाकीची टीम फोटोत मावली नव्हती.

पुस्तक फुगून उशीएवढं झालं. सुतळीनं बांधून रजिस्टर पार्सलनं पाठवलं आणि मी स्वतःवर इतकी खूश झाले, की रूममेटला हॉटेलात डोसा खाऊ घातला.

मैद्याची खळ पुण्याच्या हवेत छान धरून राहते. आमच्या विदर्भातला मे महिना मात्र मी हिशेबात धरला नव्हता.

साधारण आठवड्याभरानं सकाळी दार वाजलं. दारात बाबा आणि मोठेबाबा. रात्रभराच्या प्रवासानं दोघांचे चेहरे ओढलेले. मी पाया पडायला वाकले, तोच मोठेबाबांनी विचारलं, "नवरदेव कुठी आहे?"

"कोणता नवरदेव?"

त्यांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली माझी स्क्रॅपबुक काढली. तिच्यात फोटो उरलेच नव्हते. उन्हानं खळ वाळून सगळे सुटले होते आणि बाबांनी ते वेगळ्या पाकिटात जपून आणले होते. उरल्या होत्या नुसत्या लग्नपत्रिका, एकीमागे एक.

"आता काय सांगतं?" मोठेबाबा म्हणाले. "पानोपानी शुभविवाह. अन् नाव कापून टाकलं. आमच्यापासून लपवाले, नाही काय?"

"मोठेबाबा, तसं नाही..."

"आपल्या पत्रिकेवर मंगल परिणय राहते, बुद्धाचं चित्र राहते. यात पहा, जिथं तिथं गणपती. पोरगा आपल्यातला नाही, एवढं बी समजत नाही काय आम्हाले? अन् हा," त्यांनी पाकिटातून नेमका तो फोटो काढला, "फेटा बांधून उभा आहे तुझ्या बाजूनं!"

गलका ऐकून काकू आल्या. त्यांनी स्क्रॅपबुक हातात घेतली आणि डोळे बारीक करून एकेक पान पाहिलं.

"अवं, ह्या तर आमच्या पत्रिका! ही मोराची माझ्या भाच्याची. ही मखमलीची त्या वरच्या आळीची, तिथलं जेवान लई खारट झालं हुतं. ही पोरगी मागून घिऊन गेली. म्या तवाच म्हनलं, येड लागलंय का काय हिला."

मोठेबाबांनी काकूंकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मंग हा फेटेवाला?"

"आमच्या ऑफिसातला. त्या दिवशी सगळेच तसे नटून आले होते."

"ऑफिसात? अन् त्या दिवसाचा पगार भेटते?"

"हो."

त्यांनी फोटो परत पाकिटात घातला.

बाबांनी खाली बसून स्वतःची पिशवी उघडली. आत एक हिरवी साडी होती आणि शर्टपीस-पँटपीसचा जोड. "तुझ्या आईनं देल्लं. म्हणे, झालं तं झालं. पोराले रिकाम्या हातानं भेटू नका."

मला हसू येत होतं ते तिथंच थांबलं. आईनं तो जोड दुकानात जाऊन, रंग पाहून घेतला असणार. जो मुलगा नव्हताच, त्याच्यासाठी.

"लय रागात निघाले होते मोठेबाबा," बाबा म्हणाले. "बडनेऱ्यापर्यंत म्हणे, नातं तोडून टाकू. अकोल्याले म्हणे, पोरगा पाहू तं खरं. मनमाडले म्हणे, शिकलेला असंल तं चालते."

"मनमाडले नाही, भुसावळले म्हटलं," मोठेबाबा म्हणाले.

काकूंनी चहा आणला. चहा पिताना बाबा खोली पाहत होते: दोन खाटा, भिंतीतलं कपाट, खिळ्याला टांगलेलं माझं ओळखपत्र. ते त्यांनी हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि परत जिथल्या तिथं टांगलं.

"पुण्याले गेली तं पोरगी परस्पर लग्न करंल, हेच भेव होतं," ते म्हणाले, "थे तं कालच्या रातीत आम्ही गाडीत बसून पाहून घेतलं. मेलो नाही आम्ही."

मोठेबाबा कप खाली ठेवून उठले, माझ्या खाटेजवळ गेले आणि वितीनं तिची रुंदी मोजू लागले.

"बाई," त्यांनी काकूंना विचारलं, "यापेक्षा रुंद खाट भेटन काय इथं? धाकटी झोपेत लाता मारते."