तारमास्तरांची हरण्याची यादी

सरळ प्रश्न सरळपणे विचारायचा नाही, अशी शपथ घेऊन जन्माला आलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, तो म्हणजे आमच्या रत्नागिरीच्या पोस्टातले तारमास्तर. मी तेव्हा शाळेत शिकवत होतो आणि त्यांच्या शेजारी बिऱ्हाड करून राहत होतो. मुंबईची आगबोट यायची असली की सारा धक्का तिच्या वेळेबद्दल पैजा मारायचा. मास्तर मात्र समुद्राकडे पाठ करून लोकांकडे बघत उभे. म्हणायचे, "बोट कधी येईल ते तिच्या कप्तानाला ठाऊक. या गर्दीतला पहिला कोण कंटाळून वळकटीवर बसेल, ते सांगा!" आणि तो माणूस बसला की टाळी वाजवून त्याचं अभिनंदन करायचे. लग्नात गेले की वधूवर राहिले बाजूला, आज कोण रुसणार याचा शोध सुरू. माझ्या बहिणीच्या लग्नात त्यांनी वरपक्षाचे एक मामा हेरले आणि ते रुसू नयेत म्हणून सकाळपासून पेढ्यांचं ताट घेऊन त्यांच्या शेजारी ठाण मांडलं. दुपारी मामा रुसलेच. कारण विचारलं, तर म्हणाले, "हा गृहस्थ मला घटकाभर एकटा सोडत नाही!"

अशा माणसाच्या हाती हुतूतूचे सामने सापडल्यावर दुसरं काय व्हायचं? शिमगा आटोपला की मांडवीच्या वाळूत, ओहोटी बघून, आठ संघांचे सामने होत. कोण जिंकणार त्याच्या चिठ्ठ्या लोक एका पत्र्याच्या पेटीत टाकत. पण तीन वर्षं खाडीकाठच्या राजिवड्याचा संघच जिंकत आला होता. होड्या वल्हवून छाती भात्यासारखी झालेले ते गडी, आणि त्यांचा कप्तान इस्माईल तांडेल तर एका दमात साऱ्या मैदानाला फेरी मारून येई. पेटी उघडावी तर पहिल्यापासून शेवटच्या चिठ्ठीपर्यंत राजिवडा!

"हे भाकीत नव्हे, ही हजेरी झाली," मास्तर कडाडले. "जिंकणारा सांगायला अक्कल लागत नाही. कोण हरणार आणि कशामुळे हरणार, ते लिहा. कारण बरोबर आलं तरच शाबासकी!" सर्वांत जास्त कारणं ज्याची खरी ठरतील त्याला मास्तरांकडून पहिल्या हापूसची करंडी. चिठ्ठ्यांना लाखेची मोहोर. लाख सरकारी नव्हे हं, बाजारातून आणलेली, हे ते प्रत्येकाला बजावून सांगत.

आणि गाव पेटलं! पहिल्याच सामन्यानंतर मास्तरांनी वाळूत उभं राहून चिठ्ठ्या फोडल्या, तर एका आजोबांनी लिहिलेलं, "कप्तानाचा कासोटा सुटल्यामुळे." आणि खरोखरच ऐन चढाईत तो सुटला होता! लोक हसून हसून वाळूत लोळले. दुसऱ्या दिवशी झाडून सारे कप्तान दोन दोन गाठी मारून आले. मग तर खेळाडूच चोरून विचारत फिरू लागले, "आमच्याबद्दल काय लिवलंय वो?" डाव्या बाजूला कच्चा म्हणून ज्याचं नाव झालं, तो पहाटे उठून डाव्या बाजूचा सराव करू लागला. हरण्याची कारणंच दुरुस्त होऊ लागली. मास्तरांची पंचाईत झाली, पण चेहरा असा फुललेला, की जणू घरात कार्य आहे.

या साऱ्या गोंधळात आमचा, म्हणजे शाळामास्तर आणि कोर्टातले कारकून यांचा संघ चक्क अंतिम सामन्यात पोचला. मी कप्तान. आमच्याविषयी बहुतेकांनी लिहिलं होतं, "दम पुरणार नाही." मास्तरांच्या चिठ्ठीत काय आहे ते मात्र कळेना. मी खोदून विचारलं. "ते गुपित आहे," म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

अंतिम सामना लांबला. एक गडी त्यांचा बाद, एक आमचा, असं करता करता गुण सारखे झाले आणि शेवटची चढाई आमची आली. भरती चढत होती. लाटेचा फेस मधल्या रेषेला चाटून जात होता. मी मांडीवर थाप मारून पुढे झालो. शेवटची चढाई दुसऱ्या कुणाला देणं माझ्या स्वभावात नव्हतं.

तोच गर्दी सोडून तारमास्तर पाण्यातून धावत आले. हातातल्या लखोट्याची मोहोर त्यांनी स्वतःच फोडलेली. "अहो, तुम्ही जाऊ नका!" ते जिवाच्या आकांताने ओरडले. "मी तेच लिहिलंय! कप्तान हट्टाने स्वतः जाईल आणि म्हणून हरतील!"

स्वतःचा खेळ त्या माणसाने भर मैदानात स्वतः मोडला. मला राग आला, शरम वाटली, आणि ते खरं आहे हेही कळलं. मी मागे सरलो आणि आमच्यातल्या सर्वांत अबोल, काडीपैलवान नक्कलनवीस दामूअण्णांना पुढे केलं. "मी?" एवढंच ते म्हणाले. मग "हुतूतूतू" करत गेले, एकाला शिवले, वळले, आणि इस्माईलने त्यांचा पाय धरला. दामूअण्णा पालथे पडले, हात लांबवला, आणि त्याच क्षणी लाट आली. लाट ओसरली तेव्हा रेषच नव्हती!

एकच कल्लोळ. "पोचला!" "नाय पोचला!" पंच असलेल्या वस्तादांनी हात वर केला आणि इस्माईलला विचारलं, "तांडेल, तू सर्वांत जवळ होतास. तू सांग."

इस्माईल कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा होता. त्याच्या मागे सारा राजिवडा. तो म्हणाला, "हात पार गेला होता, वस्ताद. दम पण होता. मी पाय धरून होतो, मला दिसला ना."

आम्ही जिंकलो. दामूअण्णांना लोकांनी खांद्यावर घेतलं. इकडे तारमास्तर ओल्या धोतराने एकेक चिठ्ठी फोडत होते. राजिवडा हरेल असं मुळी कुणी लिहिलंच नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "खरं बोलल्यामुळे हरतील, हे कारण मलासुद्धा सुचलं नाही हो." आंबे तयार झाल्यावर करंडी डोक्यावर घेऊन ते स्वतः राजिवड्यात गेले. इस्माईलच्या आईने त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही म्हणे.

पावसाळ्यानंतर मास्तरांची बदली घाटावर कुठेशी झाली. एक पत्र आलं, "इथे समुद्र नाही, त्यामुळे माणसं कशाची वाट बघतात ते अजून समजलेलं नाही." मी उत्तर लिहिलं. पुढे पत्रं थांबली. दोन वर्षांनी मला मुलगी झाली, ते सासुरवाडीला तारेने कळवायला मी पोस्टात गेलो. खिडकीशी नवे मास्तर होते. त्यांनी शब्द मोजले, पावती फाडून दिली आणि मान वर न करता पुढच्या माणसाला बोलावलं. सारं अगदी रीतसर झालं. मी मात्र पावती हातात धरून उगीचच थोडा वेळ खिडकीशी उभा राहिलो.