काटा शून्यावर आहे का

आमच्या ऑइल इंजिनच्या कारखान्यात टॉर्क पाना, म्हणजे नट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना, आला तेव्हा मी तिथे स्टोअरकीपर होतो. लांब दांडा, मुठीजवळ फूट-पौंडांची पट्टी आणि तिच्यावरून सरकणारा काटा. इंजिनच्या हेडचे, म्हणजे वरच्या झाकणाचे, नट आवळताना काटा नव्वदावर आला की थांबायचे, एवढेच त्याचे काम. मी त्याच दिवशी सूचनांची पाटी रंगवून भिंतीला लावली. एक, काटा शून्यावर आहे का ते आधी पाहावे. दोन, पाना आपल्याकडे सावकाश ओढावा, हिसका देऊ नये. तीन, जोर वाढवायला दांड्याला पाइप लावू नये. अशा नऊ झाल्या. दहावी सुचेना, याची मला रुखरुख होती.

हेडचे काम करणारे मिस्त्री पन्नाशीचे, तालमीतले. वीस वर्षे त्यांनी नुसत्या मनगटाच्या अंदाजाने हेडे आवळली होती. पाटी वाचून ते म्हणाले, "म्हंजे आता ह्यो काटा माझ्या मनगटाला शिकवणार म्हणा की." पण पाटीप्रमाणे वागू लागले.

बाकीच्यांना पान्यात निराळेच काही दिसले. कोल्हापुरात जोर मोजणारी वस्तू आली की रांग लागणारच. दुपारच्या सुट्टीत एक जुना बोल्ट शिकंज्यात धरला आणि काटा कुणाचा लांब जातो याची पैज लागली. मिस्त्रींनाही बोलावले. "अवजार हाय त्ये, जत्रंतला खेळ न्हाय," म्हणून ते भाकरीकडे वळले.

मी थांबवायला हवे होते. पण आकडे कसेही ओरडले जात होते आणि ते मला बघवेना. कागद घेतला, रकाने आखले, अनुक्रम घातला. पट्टी दीडशेला संपत होती. ओतशाळेतल्या एका मोल्डरने काटा तिच्याही बाहेर नेला, तेव्हा मी नीट अक्षरात "दीडशेच्या पुढे" असे लिहिले. सातवी ओळ रिकामी राहिली म्हणून मीही ओढला. बाहत्तर.

दुसऱ्या दिवशी कागलकडचे एक गुऱ्हाळवाले इंजिन न्यायला आले. मिस्त्रींनी त्यांच्यादेखत हेड नव्वदावर आवळले. इंजिन सुरू केले तर हेडच्या सांध्यातून पाणी. उघडले, सांध्यात नवे गॅस्केट घातले, पुन्हा नव्वद. पुन्हा पाणी.

"मिस्त्री, ऊस तोडून पडलाय की माझा," पाहुणे म्हणाले. "ह्ये इंजान चरक फिरवणार हाय का नुसतं पाणी सोडणार?"

मालक आले. हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, उद्यापासनं हेडचं काम दुसऱ्याकडं देऊ. हात थकला तुमचा." मिस्त्री चिंध्यांनी हात पुसत राहिले.

मी पाना उचलला. काटा शून्यावर नव्हताच, कालच्या ओढाओढीत वाकून पंधरावर बसला होता. म्हणजे नव्वद दिसत होते तेव्हा नट पंचाहत्तरावरच आवळले जात होते. स्टोअरच्या वहीत सकाळी पाना देताना "काटा पाहिला" यापुढे माझी बरोबरची खूण होती. मी पाहिला नव्हता.

मी टेबलाच्या खणातला पैजेचा कागद आणून मालकांना दिला आणि वहीचेही सांगितले. त्यांनी सातही नावे वाचली. मिस्त्रींचे नाव त्यात नव्हते.

"हे बाहत्तर तुमचे?"

"हो."

"एवढंच?"

पाहुणे कागदात डोकावले. "आमच्या घरात म्हातारी विहिरीतनं घागर ह्यापेक्षा जोरानं वडतीया."

मिस्त्री पहिल्यांदाच हसले. "मी तुमची खूण बघितली, म्हणून काटा बघितला न्हाय," ते मला म्हणाले. त्यांनी काटा हलकेच वाकवून शून्यावर आणला, तिसरे गॅस्केट घातले आणि पाना माझ्या हातात दिला. "आता तुम्हीच आवळा. नव्वद."

पहिला फेरा चाळीसचा, दुसरा सत्तरचा, समोरासमोरचे नट धरत. तिसऱ्या फेऱ्यात काटा सत्तरावर जाऊन अडला. माझी नजर कोपऱ्यातल्या पाइपकडे गेली.

"तीन नंबर," मिस्त्री पाटीकडे बघून म्हणाले. "पाय रोवा. मूठ शेवटाला धरा. दंडानं न्हवं, अंगानं वडा. सावकाश."

काटा नव्वदावर आला. असे आठ नट. इंजिन अर्धा तास चालले, सांधा कोरडा राहिला आणि पाहुणे ते गाडीत घालून घेऊन गेले. हेडचे काम मिस्त्रींकडेच राहिले.

संध्याकाळी त्यांनी मला दहावी सूचना सांगितली: कारकुनानं खूण करायच्या आदी डोळं उघडावं. मी ती रंगवली. फक्त कारकुनाच्या जागी स्टोअरकीपर घातले.