'बाहेरचं बघावं लागेल'

मी अनसिंगला शाळेत विज्ञान शिकवतो. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात अंगारे-धुपारे बंद. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगल केली... आता तुम्ही माझी करा.

मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी आईच्या छातीत कळ आली, ती थेट पाठीपर्यंत. दरदरून घाम, चेहरा पांढराफटक. मी आणि मावशीनं तिला वाशीमला एका दवाखान्यात इमर्जन्सीत नेलं. ड्युटीवर तरुण डॉक्टर होता, साताऱ्याकडचा. ईसीजी काढला, नॉर्मल. रक्त तपासलं, तेही नॉर्मल. आणि आई तर कण्हत होती!

"नक्की काय आहे ते कळत नाहीये," तो म्हणाला. "इथं काही सापडत नाही. बाहेरचं बघावं लागेल."

त्याला म्हणायचं होतं, बाहेरून स्कॅन करून आणा. पण आमच्याकडे 'बाहेरचं' म्हणजे भूतबाधा... झालं! मावशीनं कपाळावर हात मारून घेतला.

"मी म्हनतच होती! आता तं डाक्टरच म्हनून राह्यला! चाल, उचल तिले. केनवडले एक जानता हाय."

माझंही डोकं सटकलं. डॉक्टरलाच कळत नाही तर इथं थांबायचं कशाला? "तू गप्प बस मावशी, मी तिला अकोल्याला नेतो," म्हणत मी आईला उठवायला गेलो, तर तिनं डोळे उघडले.

"कुठी नका नेऊ मले. समजत नाई तं नाई म्हनते तो. असा मानूस खोटं नाई बोलत." मग डॉक्टरच्या खांद्यामागे बघत म्हणाली, "बाबू, तुह्या मांगची बाई काय म्हनते, आयक ना. कवाची सांगून राह्यली — ढब्बू, दुसऱ्या हातालेबी पट्टा बांध."

त्याच्या मागे भिंत होती. नुसती भिंत.

डॉक्टरनं वळून भिंतीकडे पाहिलं. मग बीपीचा पट्टा सोडून त्यानं दुसऱ्या दंडाला बांधला. आकडा पाहिला, पुन्हा बांधला. दोन हातांच्या बीपीत केवढा तरी फरक! स्कॅनमध्ये कळलं, हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आतून फाटत चालली होती. तिथून थेट नागपूर, ऑपरेशन. माझी आई वाचली हो!

बरी झाल्यावर तिला घेऊन त्याला भेटायला गेलो. 'ढब्बू'चं विचारलं.

"माझी आजी म्हणायची. दुसरं कुणीच नाही. मी बारावीत असताना ती गेली." मग त्यानं आईला विचारलं, "परत दिसली का हो ती?"

"नाई रे बाबू. आता तुले समजते ना... ते कायले येईन?"

तो हसला, आणि मग तोंड फिरवून डोळे पुसत राहिला.

आईनं ते नाव कुठं ऐकलं असेल? चौथी शिकलेल्या बाईला दुसऱ्या हाताचं कसं सुचलं? लय डोकं खाजवलं, काही हाती लागलं नाही. मावशी तर भेटली की सुरूच — "बाहेरचंच होतं, म्हनलं ना!" मी वाद घालत नाही.

परवा वर्गात एका पोरीनं विचारलं, "सर, भूत असते का?" एरवी मी तासभर अंधश्रद्धेला झोडपलं असतं. तोंडून निघालं ते त्या डॉक्टरचंच वाक्य — "नक्की कळत नाही, बाई."