मानेवर कोपर

माझी सगळी नोकरी रेल्वेच्या तिकीट खिडकीत गेली. काचेला बोलण्यासाठी एक भोक होतं, ते खाली आणि जरा डावीकडं. मी उंच. लोक भोकाला तोंड लावून गावाचं नाव सांगायचे आणि मी वाकून तिथं कान न्यायचो. माणूस मानवत रोड म्हणाला की मालटेकडी, हे कान नेल्याशिवाय कळत नाही. रिटायर होऊन मी पूर्णेत घरी बसलो तेव्हा मान पुढं आलेली आणि डावीकडं कललेली होती. नोकरी संपली हे तिला कुणी कळवलं नव्हतं.

धाकट्या मुलीच्या लग्नात हे चारचौघांत आलं. फोटोग्राफर म्हणाला, "काका, सरळ बघा."

"सरळच बघायलोय."

"अजून जरा सरळ."

अल्बममध्ये सगळे कॅमेऱ्याकडं बघतायत आणि मी चौकटीबाहेरच्या कुणाचं तरी ऐकून घेतोय. त्या बाजूला कोण उभं होतं, असं व्याह्यांनी नंतर विचारलं.

दिसण्याचं काही नाही, पण दुखणं वाढलं. मानेपासून खांद्यापर्यंत दोरखंड ओढल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी एक्सरे काढला. हाडं बरी आहेत, स्नायू आखडलेत, असं सांगून गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप छान लागायची. उठल्यावर दुखणं झोप झाल्यासारखं ताजंतवानं असायचं.

पेडगावला माझा धाकटा भाऊ शेती करतो. त्याची बायको पायाळू आहे, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. पायाळू माणसानं लाथ मारली की उसण जाते, असं आमच्याकडं मानतात. गावातली माणसं तिच्याकडून लाथ खाऊन जातात. अडचण एवढीच, की मी तिचा थोरला दीर. माझ्यापुढं ती डोक्यावरचा पदर कधी ढळू देत नाही.

भावानं मला ओसरीच्या कडेला बसवलं. ती आली, माझ्या पाया पडली, पदर नीट केला आणि मागं जाऊन पाठीला पाऊल नुसतं टेकवलं.

"जोरात हाण की," भाऊ म्हणाला.

"आवो, दादा मोठे हायेत."

"मोठे हायेत म्हणूनच जोरात हाण."

दुसऱ्या लाथेला मी ओसरीवरून अंगणात गेलो. ती धावत आली आणि परत पाया पडली. मान होती तशीच होती, कंबर नव्यानं धरली. पुढं कितीतरी दिवस ती मला बघितलं की आत जायची. मीच एकदा तिला सांगितलं, "पोरी, लाथ चांगली होती, मानच हट्टी हाय."

मग मुलीनं फोनवर परभणीतल्या एका फिजिओथेरपिस्टचं सांगितलं. ती हातानं, कोपरानं स्नायूंच्या खालच्या थरापर्यंत दाब देते. बायकोनं विचारलं, "बाई हाय का बुवा?" बाई आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "मग मी येते." सकाळच्या गाडीनं आम्ही गेलो. तिनं पिशवीत मेथीची जुडी घेतली. बसून राहायचं तर हाताला काम असावं म्हणून.

फिजिओथेरपिस्ट मुलगी आमच्या लेकीच्या वयाची, अंगानं किरकोळ. तिनं मला भिंतीला पाठ लावून उभं केलं. टाचा लागल्या, पाठ लागली, डोकं काही भिंतीला लागेना. "काका, डोकं मागं न्या." मी नेलं. "न्या ना." "नेलंय बाई." बायको मेथी निवडता निवडता म्हणाली, "त्येंचं तेवढंच जातंय."

टेबलावर पालथं झोपवून तिनं तेल लावलं आणि मानेच्या मुळाशी कोपर ठेवलं. घाई नाही, जोर लावल्याचं दिसत नाही. नुसतं हळूहळू आत जाणारं कोपर. मला वाटलं, हे खालच्या बाजूनं निघणार. मी ओरडलो. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोनं माझं ओरडणं ऐकलं नव्हतं. ती उठून आली, वाकून माझा चेहरा बघितला आणि मुलीला म्हणाली, "जित्ते हायेत. दाबा."

"काका, श्वास सोडा. धरून ठेवू नका."

श्वास सोडला तसं मानेतलं काहीतरी ओल्या मातीसारखं बसलं.

दोन दिवस अंग फोडून काढल्यासारखं दुखलं, ते दुखणार असं तिनं सांगितलंच होतं. पण आठवडाभरानं मी मागं वळून दार बघू शकलो. मग आम्ही जात राहिलो. घरी हनुवटी आत ओढायचा व्यायाम दिला होता. तो मी अंगणात करायचो आणि शेजारी विचारायचे, कुणावर रागावलात?

एकदा माझं झाल्यावर बायको खुर्चीवरून उठली. खुंटीवरची पिशवी काढायला तिनं डाव्या हातानं उजवं कोपर वर उचललं. त्या मुलीनं ते बघितलं.

"काकू, हात वर जात नाही का?"

"जातोय की. असा नेला की जातोय."

"दुखतं?"

"दुखायलंय की."

"कधीपासून?"

"लय दिस झाले," बायको भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली.

मी आडव्याचा उठून बसलो. हात असा उचलून ती रोज डबे काढत असणार, आणि मी त्याच घरात होतो.

"इथं झोपा काकू."

"मला कशाला? मी ह्यांच्यासंगं आलेय."

"झोप," मी म्हणालो. मी खाली उतरलो आणि ती टेबलावर चढली, पदर आवरत, पाहुण्यांच्या पलंगावर चढावं तशी. मी तिच्या खुर्चीवर बसलो. मांडीवर मेथी आली.

कोपर खांद्याच्या पात्याखाली गेलं. मी तिच्या ओरडण्याची वाट बघत होतो. ती हूं की चूं नाही. "दुखलं तर सांगा," मुलगी म्हणाली. मी घाबरून वाकून बघितलं.

ती झोपली होती. तोंड जरा उघडं, बारीक घोरत. सकाळी घरातली सगळी उठायच्या आत उठणाऱ्या या बाईला दिवसाढवळ्या झोपलेली मी पहिल्यांदाच बघत होतो.

मुलीनं हात काढला. बाहेर पुढचा पेशंट येऊन बसला होता. कुणीतरी विचारायला आत डोकावलं, तिनं बोट ओठांवर ठेवून त्याला परत पाठवलं.

"उठवू का?" मी हळूच विचारलं.

"थांबा काका."

आमची गाडी निघून गेली असणार. मी मेथी निवडत बसलो. देठं कुठवर घ्यायची हे मला माहीत नव्हतं, तरी सगळी जुडी निवडली.

जागी झाल्यावर तिनं आधी पदर बघितला, मग घड्याळ, मग मला. "उठवलं का न्हाई?" एवढं बोलून तिनं खुंटीकडं हात नेला. उजवा हात, एकटाच. खुंटीपर्यंत पोचला नाही, पण खांद्याच्या वर गेला. तो तिथंच धरून ती त्याच्याकडं बघत राहिली.

पिशवी मी काढली. आम्ही बसस्टँडवर गेलो आणि पूर्णेच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. घरी आल्यावर मेथी बघून म्हणाली, "ही कुणी निवडली?" आणि सगळी परत निवडायला बसली.

आता परभणीला ती जाते. मी सोबत जातो.