अक्कांच्या बांगड्या

चामराजपेटेत आमच्या शेजारच्या अक्का थंडीतल्या रविवारी आमच्याकडे सिनेमा बघायला यायच्या, त्या अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांची परात घेऊनच. बोटं शेंगांत आणि तोंड टीव्हीतल्या माणसांशी भांडत. "स्वल्प थांब रे, तिचं ऐक तरी!"

एकदा परदेशी फिरायला गेलेल्या श्रीमंत कुटुंबाचा सिनेमा लागला. हार हरवला म्हणून ते हॉटेलात खोली आवरणाऱ्या मुलीवर आळ घेतात, तिची नोकरी जाते. मग हार त्यांच्याच बॅगेत सापडतो, तरी ते मुकाट्याने विमानात बसतात. त्या दिवशी शेंगा तशाच राहिल्या.

पुढे लेकाने अक्कांना सिंगापूरला नेलं. हॉटेल सोडताना त्यांनी खोली आवरणारीला मुद्दाम बोलावलं आणि हातातल्या सोन्याच्या बांगड्या दाखवल्या, सगळं जागेवर आहे म्हणून.

"पोर पांढरीफटक पडली गं," परत आल्यावर त्या म्हणाल्या. "तिला वाटलं, काहीतरी गेलंय."

आता अक्का शहराच्या पार टोकाला, व्हाइटफील्डला लेकाकडे असतात. बाजारात अवरेच्या शेंगा दिसल्या की चुकल्याचुकल्यासारखं होतं. परवा फोन केला, तर पुन्हा परदेशी निघाल्या होत्या.

"सोनं घरीच ठेवलंय," म्हणाल्या. "काचेच्या भरल्यात. त्या हरवल्या तर कुणी कुणाला विचारत नाही."