तळहातावर उगवलेले दात

आमच्या थोरल्या साडूंइतका माणसाच्या शरीराविषयी संशयी माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा जन्मला नसेल. लोक शेजाऱ्यावर संशय घेतात, भाऊबंदांवर घेतात. ह्यांचा संशय स्वतःच्या गुडघ्यावर, कानाच्या पाळीवर, पोटातल्या आतड्यांवर. "अंग म्हंजे लई लबाड जनावर, सर," ते मला सांगायचे, "गपगुमान बसलंय आसं वाटतं, अन् आतल्या आत काय उगवायलंय ते आपल्यालाच सगळ्यात शेवटी कळतं." मी मराठीचा निवृत्त मास्तर, म्हणून नात्यात सगळेच मला सर म्हणतात, मी त्यांना साडूभाऊ म्हणतो. मूळचे ते फुलंब्रीकडचे. शेतीत जीव रमला नाही, म्हणून तरुणपणीच शहरात आले, शहागंजात एका म्हाताऱ्या उस्तादांच्या हाताखाली कवळ्या घडवायला शिकले आणि पुढे तिथंच स्वतःचं दुकान थाटलं. डॉक्टर तोंडाचा साचा पाठवणार, साडूभाऊ त्यावर मेणाची हिरडी चढवणार आणि तिच्यात एकेक दात असा बसवणार की घालणाऱ्यालाही जुने दिवस आठवावेत. समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे बघून बोलायची त्यांना सवयच नव्हती. ते तोंडाकडे बघत, आणि बोलून झालं की, "डाव्या अंगानं चावता वाटतं," असं म्हणून आपल्याला घाबरवून सोडत.

दुकानातल्या एका फळीवर न नेलेल्या कवळ्या असत. माप दिलं, कवळी तयार झाली आणि न्यायच्या आत माणूस गेला, अशा लोकांच्या त्या. दुसऱ्या कोणी केव्हाच फेकून दिल्या असत्या. ह्यांनी प्रत्येकीखाली नावाची चिठ्ठी लावून त्या ओळीनं मांडल्या होत्या. सकाळी शटर वर केलं की त्यांना "रामराम मंडळी" व्हायचा, आणि अमावास्येला कोमट पाण्यानं आंघोळ. मी एकदा विचारलं, हे कशासाठी? तर म्हणाले, "तोंड गेलं, पण ह्यांना कुठं सांगितलंय कुणी? ते वाट बघायलेत." त्या दिवसापासून त्या फळीकडे पाठ करून बसायचं धाडस मला झालं नाही. आमच्या एका दूरच्या नातलगाच्या मयतीत तर त्यांनी तिरडी दारातच अडवली होती. मृताच्या तोंडात कवळी नव्हती, गाल आत गेले होते. "मानूस वळखू येईना, आन् तुम्ही न्यायला निघालात?" असं म्हणत त्यांनी घरातून कवळी शोधून आणवली, स्वतःच्या हातानं बसवली, आणि मगच तिरडी हलू दिली. त्यानंतर मृताचा चेहरा इतका जिवंत दिसायला लागला की खांदेकऱ्यांपैकी दोघांनी जागा बदलून पायाकडची बाजू धरली.

तर अशा माणसाच्या उजव्या हाताची बोटं आत वळायला लागली. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं बोट, मग मधलं. सकाळी डाव्या हातानं ती उलगडायची आणि दुपारपर्यंत ती पुन्हा मिटायची. दात बसवणाऱ्याचा उजवा हात गेला म्हणजे सगळंच गेलं. बायकोला कळलं तर ती त्याच दिवशी दुकानाला कुलूप लावील, ह्याचीही त्यांना खात्री होती. म्हणून त्यांनी डॉक्टरकडे जायच्या ऐवजी सिनेमा काढला. हे मी आज इतक्या सरळ लिहितोय. तेव्हा आम्हाला फक्त सिनेमाच दिसत होता. हातातून कप निसटला की ते म्हणत, "सराव चाललाय." जिलेबी डाव्या हातानं खाल्ली की, "भूमिकेत हाय मी." पुंडलिकनगरातली त्यांची अख्खी गल्ली ह्या निष्ठेनं भारावून गेली होती. एका लग्नात त्यांच्या हातून वरणाची वाटी पंगतीत उपडी झाली, तेव्हा मी चारचौघांत "वा, काय मुरलीय भूमिका!" म्हणून टाळी दिली. त्यांनी ती डाव्या हातावर घेतली आणि हसले. त्या टाळीची मला अजून लाज वाटते.

सिनेमाचं नाव 'उगवण'. एका कवळी करणाऱ्याच्या तळहातावर एक दिवस दात उगवतो. तो उपटतो, तर दुसऱ्या दिवशी दोन. पुढे पुढे त्या दातांना भूक लागायला लागते आणि तो दार लावून तळहाताला भाकरी भरवतो. छायाचित्रण माझ्याकडे, म्हणजे प्लास्टरच्या पोत्यावर मोबाइल टेकवून तो धरून ठेवायचं काम. माझी थोरली मेहुणी, म्हणजे साडूभाऊंची बायको आक्का, पालीलाही घाबरणारी. तिनं "माझ्या घरात आसलं काई नको" असं बजावल्यामुळे सगळं चित्रीकरण दुकानातच, रविवारी दुपारी, शटर अर्धं ओढून झालं. साडूभाऊंनी मला फुलस्केप कागदही दिला होता. "मधी रेघ मारा, सर. हिकडं गुण, तिकडं दोष. नातं मधी आनू नका."

दोषांची बाजू मी पहिल्याच आठवड्यात भरून टाकली. संवाद फार पुस्तकी होते, आणि ते मीच लिहिलेले असल्यामुळे हा दोष मी बारीक अक्षरात नोंदवला. तळहातावर दात उगवलेला माणूस "हे काय विपरीत घडले!" असं म्हणत नसतो. चित्रीकरण पाच महिने रखडलं, त्यामुळे नायक दारात शिरतो तेव्हा अंगात स्वेटर आणि आत पोचतो तेव्हा टेबलावर आमरस. गल्लीतले एक निवृत्त अव्वल कारकून गिऱ्हाईक झाले होते. नायकाच्या तळहातावर उगवलेला दात कवळीत बसवून घेतल्यामुळे सिनेमात त्यांना मरायचं होतं, पण मेल्यावर चहा आला की नाही हे बघायला ते दर खेपेला एक डोळा उघडत. शेवटी तो उघडा डोळा तसाच ठेवला. आणि सगळ्यात भयंकर प्रसंगात, नायक किंचाळतो नेमकं तेव्हाच, बाहेरून भंगारवाल्याची आरोळी येते.

गुणांच्या बाजूला मात्र मला लिहावं लागलं की तो तळहात बघवत नव्हता. आयुष्यभर लोकांची तोंडं सजवलेला माणूस होता तो; मेणाची हिरडी त्यानं स्वतःच्या कातडीत अशी मिसळली होती की कुठं कातडी संपते आणि कुठं हिरडी सुरू होते, ते जवळून बघूनही मला कळत नसे. दात चावायचा आवाज त्यांनी स्टीलच्या वाटीखाली दोन कवळ्या एकमेकींवर घासून काढला होता. तो आवाज ऐकल्यावर मी आठवडाभर पापड खाल्ला नाही. रक्त बिटाचं आणि गुळाचं. गुळामुळे मुंग्या आल्या, दातांच्या फटींतून आत-बाहेर करू लागल्या, आणि मी मोबाइल टाकून पळायच्या बेतात असताना साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, सर. त्यांना बोलावलं नव्हतं, तरीबी चांगलं काम करायल्यात."

शेवटचा प्रसंग होता तो असा. नायकानं सगळे दात उपटलेत, हात मोकळा झालाय, आणि आता टेबलावरचा शेवटचा एक दात उचलून बरणीत टाकायचा. रिकाम्या हिरडीसाठी मी मेणाचा डबा आणायला उठलो.

"आज मेन नक्को," ते म्हणाले. "आसंच घ्या."

मी मोबाइल धरला. त्यांचा हात टेबलावर आला. मिटलेली बोटं दाताला लागली, दात घरंगळला. पुन्हा हात गेला, पुन्हा घरंगळला. बोटांची पेरं लाकडावर टकटक वाजत होती आणि फळीवरच्या कवळ्या समोरून बघत होत्या. मला वाटलं, काय अभिनय आहे! मग मोबाइलच्या पडद्यावर मला त्यांचं कपाळ दिसलं. घामानं निथळत होतं. ते हाताकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते, आणि मला सगळं एकदम कळलं. मी मोबाइल खाली घ्यायला लागलो.

"बंद करू नका," ते म्हणाले. दात उचलला गेलाच नाही. नंतर पाणी पिऊन म्हणाले, "हिला सांगू नका, सर. शपथ हाय तुम्हाला. दुकान गेलं तर मी दिवसभर कुनाच्या तोंडाकडं बघू?"

मी शपथ पाळली. पाळायला नको होती, असं आज वाटतं.

सिनेमा दाखवला तोही दुकानातच, रविवारी दुपारी, शटर पूर्ण ओढून. भिंतीवर पांढरी चादर, गल्लीतली दहा-बारा माणसं, आणि प्रकाश हलला की फळीवर हलल्यासारखे वाटणारे ते दात. सगळी गल्ली येते म्हटल्यावर आक्काही आली आणि तोंडाला पदर लावून मागच्या खुर्चीवर बसली. कारकुनांच्या उघड्या डोळ्याला लोक हसले. मुंग्यांना दोघी जणी ओरडल्या. शेवटच्या प्रसंगाला कोणी हसलं नाही, कोणी ओरडलंही नाही. नुसती ती टकटक.

दिवा लागण्याआधीच कारकून बोलले, "बाकी झकास. तो शेवटचा हात तेवढा खोटा वाटला बरं का. मानसाचा हात आसा वळत नसतो."

साडूभाऊ मोठ्यांदा हसले. सुटका झाल्याचं हसू होतं ते, मला ओळखू आलं. "लिहा, सर, दोषात लिहा!"

तेवढ्यात आक्का उठली. उजेडाच्या झोतातून चालत आली, तिची सावली चादरभर झाली. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, त्यांचा उजवा हात मांडीवर घेतला आणि एकेक करून बोटं उलगडली. मग सोडून दिली. आम्ही सगळे बघत असताना ती बोटं हळूहळू, आपापली, पुन्हा मिटली. पालीला घाबरणाऱ्या त्या बाईनं हात काढून घेतला नाही.

"लई दुखतंय का हो?" तिनं विचारलं.

साडूभाऊंचं हसू केव्हाच गेलं होतं. "दुखत नाय," ते म्हणाले. "माझा वाटतच नाय आता तो."

"आसू द्या," आक्का म्हणाली. "मला तुमचाच वाटायलाय."

डॉक्टर झाले, औषधं झाली, बोटं काही सरळ झाली नाहीत. दुकान बंद झालं. साडूभाऊ आता डाव्या हातानं जेवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडे घरबसल्या बघतात. परवा गेलो तर दोघं ओट्यावर बसली होती. मला ते नव्या सिनेमाची गोष्ट सांगत होते, ह्या खेपेला कानातून काहीतरी निघणार आहे, आणि त्यांचा हात आक्काच्या मांडीवर होता. बोलता बोलता ती त्याची बोटं उलगडत होती, बोटं मिटत होती, ती पुन्हा उलगडत होती. मी गोष्टीला हसलो, पण लक्ष सगळं त्या हाताकडे. मला त्याची भीती वाटते. खोटं कशाला बोलू, आजही वाटते. पण निघताना तो हात दोन्ही हातांत घेतल्याशिवाय माझा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही.